ताणमुक्त मावशी

दुपारी चार वाजता पाळणाघरात दोन गोष्टी एकदमच घडल्या. निजलेली चौदा मुलं उठली आणि संचालिकाबाई हातात कागद घेऊन आत आल्या. पहिली गोष्ट रोजचीच होती, तिला मावशी गेली सतरा वर्षं तोंड देत आल्या होत्या. धास्ती होती ती दुसरीची. बाई हातात कागद घेऊन आल्या की कुणाचं तरी भलं होणार हे ठरलेलं असे, आणि ते बहुधा मावशींचंच निघे.

"मावशी, एवढं जरा शांत मनाने भरून द्या," बाई म्हणाल्या. "पाचच्या आत हवंय."

मावशींच्या कडेवर त्या वेळी भोंगा होता. साडेतीन वर्षांच्या या मुलाचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण झोपेतून उठल्यावर तो ज्या आवाजात जगाला आपण जागे झाल्याचं कळवी, तो आवाज एकदा ऐकला की दुसरं नाव कुणाच्या तोंडी बसत नसे. एका हाताने त्याची पाठ थोपटत, दुसऱ्या हाताने दोन भांडणाऱ्यांमधला लाल बूट काढून घेत मावशींनी विचारलं, "काय आहे काय?"

"मनःस्वास्थ्य प्रश्नावली. मुख्य कार्यालयातून आलीय. मुलं आनंदी राहायची असतील तर त्यांना सांभाळणारी माणसं आनंदी पाहिजेत, असं संशोधनात सिद्ध झालंय."

"बरं झालं बाई, कुणीतरी सिद्ध केलं," मावशी म्हणाल्या. "माझी सतरा वर्षं त्यावाचून अडली होती."

बाईंनी हे ऐकलं नाही. न ऐकण्याचं त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. "चाळीस प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ज्यांचे गुण साठाच्या वर जातील, त्यांना ताण-निवारण शिबिराला जायचंय. तीन रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. सक्तीचं आहे, पण आनंदाने जायचं."

रविवार म्हटल्यावर मावशींनी मनातल्या मनात आठवड्याचा हिशेब मांडला. आठवड्याचे कपडे रविवारी धुतले जात. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल रविवारी लागे. आणि हे सगळं आटोपल्यावर दुपारी दोन ते साडेतीन मावशी झोपत. उरलेले सहा दिवस त्या या दीड तासाच्या भरवशावर काढत होत्या. तो दीड तास शिबिरात घालवून ताण घालवायचा, म्हणजे आहे त्यात आणखी ताण आणायचा!

मावशी छोट्या टेबलापाशी बसल्या. टेबल मुलांच्या उंचीचं असल्यामुळे गुडघे हनुवटीला लागले. पहिला प्रश्न होता, 'आपल्यावर कामाचा बोजा आहे असे आपणांस वाटते का?' उत्तर लिहिणार तोच एकाने नाकात खडू घातल्याची बातमी आली. खडू काढून त्या परत आल्या. दुसरा प्रश्न, 'कारण नसताना आपली चिडचिड होते का?' मावशींनी प्रामाणिकपणे विचार केला. कारण नसताना त्यांची चिडचिड कधीच झाली नव्हती. कारण नसलेला एक तरी क्षण या खोलीत कधी आला होता का? त्यांनी 'कधीच नाही'च्या खाली खूण केली. ती खरीखुरी होती. मग त्याच रकान्यातून त्यांचं पेन जे घसरलं, ते थेट चाळिसाव्या प्रश्नाशी जाऊन थांबलं. एकतिसावा प्रश्न 'आपण मनमोकळे हसता का?' असा होता आणि अडतिसावा 'आपणांस मुले आवडतात का?' असा होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. वाचायला वेळ कुणाला होता? त्यांनी सही केली, आणि भोंग्याने त्या सहीवर केळ्याचा हात ठेवला.

शेजारच्या खोलीत तान्ह्या बाळांना सांभाळणाऱ्या काकू होत्या. त्यांनी चष्मा लावून एकेक प्रश्न दोनदा वाचला आणि खरं ते लिहिलं. त्यांना एकशे वीसपैकी एकशे दोन गुण पडले.

"भोगा आता," मावशी मनात म्हणाल्या आणि त्या रविवारी दोन वाजता अगदी तृप्त मनाने आडव्या झाल्या.

सोमवारी सकाळी काकू आल्या त्या दहा वर्षांनी लहान होऊन. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी पडली होती. एवढंच नव्हे, तर बाटल्या धुताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

"काय केलंत हो शिबिरात?" मावशींनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"झोपले."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी गेल्यागेल्या तिथल्या मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. मी मिटले. उघडले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. जेवण आयतं, ताटसुद्धा उचलायचं नाही. मग म्हणाल्या, परत मिटा. पाच वाजता घंटी वाजवून उठवलं, तीपण हळूच." काकूंचा आवाज जरा भिजला. "आणि उठून बघते तर अंगावर पांघरूण! कुणी घातलं तेही कळलं नाही. माझ्या अंगावर कुणी पांघरूण घातल्याला पन्नास वर्षं झाली असतील हो."

मावशींनी हातातली बाटली जरा जास्तच जोरात घासली.

"अजून दोन रविवार आहेत," काकू म्हणाल्या.

घरी मावशींनी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग तू नाही गेलीस ते?"

"मला नाही बोलावलं. माझे शून्य गुण आले."

"शून्य ताण? तुला?" एवढंच म्हणून तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, सासूबाई गुडघे विसरून पाणी घेऊन धावल्या आणि कारण कळल्यावर त्याही हसायला बसल्या. मावशींनी त्या रात्री भाजीत मीठ घातलं नाही. कारण नसताना नव्हे, हे नोंदवलं पाहिजे.

बुधवारी बाई पुन्हा कागद घेऊन आल्या. या वेळी त्या जवळजवळ पळतच आल्या.

"मावशी! एकशे बारा पाळणाघरांत तुम्ही पहिल्या आलात! शून्य! सगळ्या एकशे बारांत एकमेव शून्य!"

"अग बाई," मावशी म्हणाल्या.

"वरचे साहेब थक्क झालेत. ते म्हणाले, ही बाई हसत नाही, रडत नाही, चिडत नाही, मुलं आवडतात असंही नाही आणि आवडत नाहीत असंही नाही. याला संपूर्ण समतोल म्हणतात. पुढच्या शुक्रवारी तज्ज्ञ मॅडम येणार. दिवसभर बसून तुमची पद्धत बघणार, तिचं चित्रण करणार, आणि ते सगळ्या केंद्रांना दाखवणार."

"कसली पद्धत?"

"तेच तर त्या बघणार ना!"

मावशींनी घसा साफ केला. "बाई, मला त्या कागदाबद्दल थोडं सांगायचं होतं. मी तो भरला तेव्हा—"

"विनय नको, मावशी."

"विनय नाही हो. मी ते खरं तर—"

"मी वर कळवलंय," बाई आवाज खाली आणत म्हणाल्या, "की तुम्हाला मी घडवलं. आता बोला, काय म्हणत होतात?"

बाई गेल्यावर मावशींनी काकूंचा चष्मा मागून घेतला आणि प्रश्नावलीची कोरी प्रत शोधून काढली. अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'खोटी माहिती आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.' सतरा वर्षांत मावशींनी दोनशेवर मुलं वाढवली होती. त्यांतली काही आता दाढी करत होती. आणि नोकरी जाणार होती ती चाळीस खुणांपायी.

ताणमुक्त म्हणून निवड झाल्यापासून मावशींची झोप उडाली. डोळा लागलाच तर त्या "कधीच नाही, कधीच नाही" असं ओरडतात, असं सासूबाईंनी शेजारी सांगितलं. रविवारी दोन वाजता त्या आडव्या झाल्या आणि साडेतीनपर्यंत छताकडे बघत राहिल्या. त्याच वेळी काकू, दुसऱ्या रविवारच्या पांघरुणाखाली, घोरत असतील असा विचार त्यांच्या मनात वीस-पंचवीस वेळा आला.

बाईंनी मात्र तयारीत कसूर ठेवली नाही. त्यांनी पालकांना पत्र धाडलं, 'शुक्रवारी आपल्या पाल्यास प्रसन्न मनःस्थितीत आणून सोडावे. त्या दिवशी रडणे, चिडणे, रुसणे इत्यादी प्रकार कटाक्षाने टाळावेत.' पत्र मुलांना वाचता येत नसल्यामुळे ते पालकांनीच मनावर घेतलं. प्रसन्न होण्याच्या धाकाने शुक्रवारी सकाळी बऱ्याच घरांत रडारड झाली, पण ती घरांत झाल्यामुळे केंद्राच्या खात्यावर पडली नाही.

दाराजवळच्या भिंतीवर चेहऱ्यांचा एक फळा होता. त्यावर पुठ्ठ्याचे चार चेहरे लावलेले होते. एक आनंदी, एक दुःखी, एक घाबरलेला, एक रागावलेला. सकाळी आल्यावर मुलं आपापला चिमटा आपल्याला जसं वाटत असेल त्या चेहऱ्याखाली लावत. मग कुणाची विचारपूस करायची आणि कुणाच्या वाटेला जायचं नाही, हे मावशींना न बोलता समजे. शुक्रवारी त्या आल्या तेव्हा फळ्यावर एकटा आनंदी चेहरा होता.

"बाकीचे कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

"काढून ठेवले," बाई म्हणाल्या. "चित्रणात बरं दिसत नाही. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

नऊ वाजता तज्ज्ञ मॅडम आल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. "मी इथे नाहीच असं समजा हं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी बरोब्बर खोलीच्या मधोमध, जिथून सगळ्यांना जावं-यावं लागे, तिथे उभी केली. पर्समधला त्यांचा फोन अधूनमधून घुंई घुंई करत होता. प्रत्येक वेळी मॅडम एक दीर्घ श्वास घेत आणि हसत. हसण्याआधी त्या दात किती घट्ट आवळतात, ते फक्त मावशींना दिसलं. त्यांना स्वतःचे दात आवळण्याचा सराव होता.

मुलं येऊ लागली. सगळं ठीक चाललं होतं. मग वकील आली.

वकील म्हणजे साडेचार वर्षांची, दोन वेण्या घातलेली मुलगी. तिला कुणी हे नाव दिलं ते कुणी सांगत नसे, पण ते चुकलं असंही कुणी म्हणत नसे. ती चिमटा घेऊन फळ्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळा फळा खालपासून वरपर्यंत बघितला.

"माझा राग कुठाय?"

बाई कॅमेऱ्याकडे बघून हसत पुढे झाल्या. "आज कुणालाच राग आलेला नाहीये, बाळा."

"मला आलाय. आईने ओढून ओढून वेणी घातली. मला रागाखाली चिमटा लावायचाय."

"आज ना, राग सुट्टीवर गेलाय."

"कुठे?"

"गावाला."

"एकटा?"

"नाही गं, दुःखी आणि घाबरलेला, दोघं आहेत त्याच्याबरोबर."

वकीलने दोन्ही वेण्या मागे टाकल्या. "म्हणजे मोठं कुणीच नाही बरोबर? मग घाबरलेला किती घाबरला असेल! ते हरवले तर?"

आसपासच्या मुलांना प्रश्न पुरता पटला. "हरवले?" "कोण हरवलं?" "राग हरवला!" अशी बातमी खोलीभर पसरली आणि कुणीतरी ओरडलं, "चला, शोधू या!"

चौदांपैकी तेरा मुलं शोधाला लागली. त्यांनी बुटांची मांडणी उपसली, गाद्या उलटवल्या, ठोकळ्यांची पेटी ओतली. काकूंच्या खोलीत जाऊन त्यांनी एका तान्ह्या बाळाचं दुपटंसुद्धा वर करून पाहिलं, तिथे राग नव्हता, पण बाळाला तो लगेच आला. "मुलांनो, शांत!" असं बाई हसऱ्या चेहऱ्याने ओरडत होत्या, आणि हसऱ्या चेहऱ्याने ओरडल्यामुळे तो खेळच आहे अशी मुलांची खात्री पटत होती. मावशी एकाला धरायच्या तोवर दुसरा निसटायचा. शेवटी मोर्चा बाईंच्या कार्यालयात घुसला. खुर्चीवर त्यांची पर्स होती.

"सापडला!" वकील दोन्ही हात उंच करून बाहेर आली. "राग बाईंच्या पर्समध्ये होता!"

"दुःखीपण आहे! चेपलाय!"

"आणि घाबरलेला एकदम खाली होता, चाव्यांच्या खाली!"

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "हा आमचा एक उपक्रम आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "भावना-शोध. आठवड्यातून एकदा घेतो."

"फार छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

सापडलेल्या चेहऱ्यांची खोलीभर मिरवणूक निघाली. मिरवणुकीचा धक्का कॅमेऱ्याच्या घोडीला लागला. घोडी डोलली, कलली, आणि धाडकन आडवी झाली. तिचा एक पाय कोपऱ्यात बसलेल्या भोंग्याच्या पायाच्या बोटांवर पडला.

मावशींचे हात आपोआप कानांकडे गेले. सतरा वर्षांची सवय होती ती. पण आवाज आला नाही.

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की भोंग्याचा आवाज सकाळपासूनच आलेला नाही. आईचा हात सुटताना नाही, दूध सांडलं तेव्हा नाही, शोधालाही तो उठला नव्हता. आता त्याचं तोंड उघडलं होतं, डोळे काठोकाठ भरले होते आणि दोन्ही तळहातांनी त्याने ते उघडं तोंड गच्च दाबून धरलं होतं. चेहरा लालेलाल झाला होता. सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं, पण आवाज म्हणून बाहेर पडत नव्हता.

मावशी गुडघ्यांवर बसल्या. घोडी बाजूला केली. अंगठा लाल झाला होता.

"लागलं ना रे?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं.

"दुखतंय ना राजा?"

पुन्हा नाही.

"तो नाही रडणार," मागून वकील म्हणाली. सगळ्यांच्या भानगडी तिला ठाऊक असत. "त्याच्या बाबांनी सांगितलंय. आज तो रडला की मोठ्या मॅडम तुम्हाला काढून टाकतील."

नोकरीची भीती मावशींना होती, पण ती आपली आपण वाहत आहोत अशा समजुतीत त्या होत्या. तिचं एक टोक सकाळपासून या साडेतीन वर्षांच्या जिवाने उचलून धरलं होतं. तेही तोंड दाबून.

"कुणी काढत नाही," त्या म्हणाल्या. "तू रड."

भोंग्याने हात जरासे सैल केले. "तुमाला घरी पाठवतील."

"पाठवू देत की. मी घरी जाऊन झोपेन. तू रड रे बाबा, खुशाल रड."

मग भोंगा रडला. सकाळपासूनचं सगळं त्याने एकाच श्वासात बाहेर काढलं. खिडकीची तावदानं थरथरली. बाईंनी मिरवणुकीतून जप्त केलेले पुठ्ठ्याचे चेहरे कानांवर धरले. त्याच्या पाठोपाठ मावशींचा बांध फुटला. आधी रविवारची हुकलेली झोप आली, मग त्याच्या मागे काय काय आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं, सतरा वर्षांचा साठा होता तो. मावशी रडताहेत हे बघून वकीलबाईंचा ओठ पुढे आला. आणि घरून प्रसन्न होऊन आलेले बाकीचे बारा जण तर कुणीतरी सुरुवात करण्याचीच वाट बघत होते. शेजारच्या खोलीत तान्ह्यांनी सूर धरला. आडवा पडलेला कॅमेरा आडव्यानेच हे सगळं टिपत राहिला.

"मॅडम," मावशी हुंदक्यांतून म्हणाल्या, "मी खोटं लिहिलं. सगळं खोटं. मला ताण आहे. चाळीसच्या चाळीस आहेत. फक्त मुलं मला आवडतात, तिथलं 'कधीच नाही' तेवढं चुकून पडलं."

मॅडमनी वाकून कॅमेरा बंद केला. मग त्या मुलांच्या इवल्याशा खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज आता मऊ नव्हता, नुसता थकलेला होता.

"मला ठाऊक होतं, मावशी. शून्य कुणाचेच येत नसतात. चार वर्षांपूर्वी मीही पाळणाघरातच कामाला होते. माझेही शून्य आले होते."

"मग?" मावशींनी नाक पुसलं. "काढलं का?"

"नाही ना. मला तज्ज्ञ केलं."

पर्समधला फोन घुंई घुंई करू लागला. "माझी मुलगी," मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षांची आहे. सकाळपासून आजीचं ऐकत नाहीये. सतरावा फोन आहे हा."

"पण तुम्हाला शिबिर तरी असेल," मावशी म्हणाल्या.

"शिबिर मीच घेते. सगळ्यांना डोळे मिटायला सांगते. सगळे झोपतात." मॅडमनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मग मी एकेकाच्या अंगावर पांघरूण घालत फिरते."

मावशींनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला आणि पहिलं बिस्किट मॅडमना दिलं.

"माझा कागद बदलता नाही का यायचा? मी आता खरं लिहीन. एकशे वीस."

"एकदा वर गेलेलं शून्य खाली येत नाही, मावशी."

तोवर भोंग्याचं रडणं आटोपलं होतं. एकूण सात मिनिटं लागली. अंगठ्यावर ओलं फडकं बांधून घेऊन त्याने दोन बिस्किटं मागितली, एक पायासाठी आणि एक स्वतःसाठी. दहाव्या मिनिटाला सगळी मुलं तोंडाला चुरा लावून हसत होती. वकीलने आपला चिमटा फळ्यावर परत आलेल्या रागाखाली नेऊन लावला आणि ती समाधानाने खेळायला गेली.

मावशींना कुणी काढलं नाही. काढण्यासाठी आधी मुख्य कार्यालयाने चूक झाल्याचं कबूल करायला हवं होतं, आणि तशी तिथे पद्धत नव्हती. मॅडमनी चित्रण जसंच्या तसं वर पाठवलं. त्यांना वाटलं, ते बघून तरी कुणाला काही कळेल. कळलंही. वरच्या साहेबांनी मान वाकडी करून ते आडवं चित्रण तीनदा बघितलं आणि पंधरा दिवसांनी सगळ्या केंद्रांना परिपत्रक निघालं.

बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'आपल्या एका केंद्रात विकसित झालेल्या सामूहिक भावविरेचन पद्धतीचे निष्कर्ष अत्यंत उत्साहवर्धक आहेत. सबब येत्या सोमवारपासून सर्व केंद्रांत रोज अकरा ते सव्वाअकरा ही अश्रुवेळ म्हणून पाळण्यात यावी. रडलेल्या मुलांची संख्या व रडण्याचा सरासरी कालावधी सोबतच्या तक्त्यात भरावा.' खाली आणखी एक ओळ होती. 'ताण-निवारण शिबिरात सहभागी केवळ झोपतात असे आढळल्याने सदर शिबिर बंद करण्यात येत आहे.'

चित्रणाच्या गडबडीत पुढे ढकललेला काकूंचा तिसरा रविवार गेला. त्या दोन दिवस मावशींशी बोलल्या नाहीत.

सोमवारी अकराला पाच कमी असताना बाईंनी मुलांना गोल करून बसवलं. एका हातात तक्ता, दुसऱ्या हातात घड्याळ. घड्याळात अकरा वाजले.

"हं," बाई म्हणाल्या. "करा सुरू."

मुलं बाईंकडे बघत राहिली. एकाने जांभई दिली.

"रडा ना. आज मुभा आहे. कुणी ओरडणार नाही."

"मला आत्ता येत नाहीये," भोंगा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, पण तेवढ्याने भागणार नव्हतं.

"कशासाठी रडायचं?" वकीलने विचारलं.

"कशासाठीही."

"असं कसं कशासाठीही?"

अकरा वाजून चार मिनिटं झाली. बाईंच्या कपाळावर घाम आला. "मावशी, तुम्ही तरी सुरुवात करा. तुमचीच पद्धत आहे."

"माझं सगळं त्या दिवशी संपलं, बाई," मावशी म्हणाल्या. "आता साठायला वेळ लागेल."

"आधी तुम्ही करून दाखवा," वकील बाईंना म्हणाली. "चित्र काढतानापण आधी तुम्ही दाखवता."

ही मागणी रास्त होती. बाई खाली सतरंजीवर बसल्या. "बघा हं सगळ्यांनी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, ओठ दुमडले. "असं करायचं. ऊं... ऊं..."

मुलं नीट बघत होती. दुसऱ्या 'ऊं'पर्यंत ते सगळं नमुन्यादाखल होतं. तिसऱ्याला बाईंचा आवाज मध्येच कुठेतरी अडकला. त्यांनी मावशींकडे बघितलं, जरा गोंधळूनच, पाय घसरताना माणूस बघतो तसं, आणि पुढच्या क्षणी त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या.

"वर कळवायचं, खाली कळवायचं," त्या म्हणत होत्या, "वरून ओरडतात, खालून तोंडं वाकडी करतात, आणि मी आपली मधे हसत उभी... ती प्रश्नावली आली ना, मावशी, ती सगळ्यांना आली. तुम्हाला आली, काकूंना आली, झाडलोट करणाऱ्यालासुद्धा आली. मला आलीच नाही हो! संचालिकांसाठी छापलीच नव्हती! मी वाट बघितली, दोन दिवस वाट बघितली..."

तक्ता सतरंजीवर पडला. भोंगा उठला, बाईंच्या मागे गेला आणि मावशी त्याची थोपटत तशी, मधूनमधून थांबत, त्यांची पाठ थोपटू लागला. बाकीच्यांनी थोडा वेळ पाहिलं. हे लवकर आटपणारं नाही असं दिसल्यावर एकेक जण उठून ठोकळ्यांकडे गेला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, आत गेल्या आणि बाळांचं एक दुपटं आणून त्यांनी बाईंच्या खांद्यांवर टाकलं.

सव्वाअकरा झाले. मावशींनी घड्याळ उचलून पालथं ठेवलं. साडेअकराही होऊन गेले. मग त्यांनी पेल्यातून पाणी आणून दिलं. बाईंनी ते घोट घोट प्यायलं, दुपट्याच्या टोकाने डोळे पुसले आणि घसा खाकरून, कार्यालयीन आवाजात बोलायचा प्रयत्न करत विचारलं,

"उद्यापण अकरालाच ना?"